ओखामंडळ : गायकवाडी राज्याचा कोरडा कोपरा

भेस्तानच्या स्थानकावरून रोज रात्री सौराष्ट्र मेल न थांबता निघून जाते. तिचे शेवटचे स्थानक ओखा. गाडी ज्या प्रदेशात जाऊन थांबते, तो प्रदेश १८१७ पासून १९४९ पर्यंत, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे, एका मराठी राज्याचा भाग होता, हे आता आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असेल. गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांच्या आठवणी बहुधा पाण्याच्या गावांभोवती फिरतात. पिलाजीरावांनी १७१९ मध्ये घेतलेले सोनगड, व्यारा, नवसारी, विश्वामित्रीकाठचे बडोदे. ओखामंडळाचे नाव त्या यादीत क्वचितच येते. बडोद्याच्या दरबारातून एखाद्या अंमलदाराची तिकडे नेमणूक झाली, की घरातली मंडळी द्वारकानाथाचे दर्शन घडणार म्हणून आनंद मानीत असतील. परंतु तो आनंद पहिल्या उन्हाळ्यापर्यंतच टिकत असावा, असा आमचा तर्क आहे.

वाळवंट म्हटले की वाळूचे डोंगर आणि उंटांचे तांडे डोळ्यांसमोर येतात. ओखामंडळ तसे नाही. काठेवाडच्या पश्चिम टोकाला, तीन बाजूंनी समुद्र आणि मुख्य भूमीच्या अंगाला खारट रणाचा पट्टा, असा तो भूभाग आहे. बारमाही नदी एकही नाही. द्वारकेची गोमती ही वस्तुतः समुद्राची खाडी. आपल्या सुरतेत पंचेचाळीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तिथे पंधरावीस इंच पडला तरी लोक समाधान मानतात, आणि तोही वर्षाआड दगा देतो. भोवताली पाणी पसरलेले आणि प्यायला घोटभर नाही, असे हे वाळवंट आहे.

सरकारी नोकरीच्या आरंभीच्या काळात आमची नेमणूक द्वारकेस झाली होती. १९८५ पासून लागोपाठ तीन वर्षे गुजरातेत दुष्काळ पडला, त्यातील शेवटचे वर्ष आम्ही तिथे काढले. टँकर, राहतकामे आणि जनावरांच्या छावण्या यांच्या हिशेबात दिवस मावळत असे. घरातली लढाई वेगळीच होती. विहिरीच्या मचूळ पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ काही केल्या शिजत नसे. वरणभातावर वाढलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. अखेर डाळीपुरते गोडे पाणी वेगळ्या कळशीत राखून ठेवावे लागे. भांड्यांवर पांढरा थर धरे. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या आणि कचेरीतले टंकयंत्र दोन्ही सारख्याच वेगाने गंजत. तिथल्या बायका तळ्याच्या कोरड्या पात्रात हातभर खड्डा खणून त्यात झिरपणारे पाणी वाटीने भरून घेत. त्याला तिकडे ‘वीरडा’ म्हणतात. आपल्या खानदेशातला झिरा तो हाच. बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी पानात आली, की धुळे-नंदुरबारची आठवण हटकून होई.

अशा भूमीत शेतीवर पोट भरणे कठीण. म्हणून तिथल्या वाघेरांचा निर्वाह समुद्रावर आणि द्वारकेच्या यात्रेवर चाले. समुद्रावरचा निर्वाह म्हणजे बऱ्याच अंशी जहाजांची लूट, हे लपवण्यात अर्थ नाही. ती थांबवण्यासाठी कर्नल ईस्ट यांच्या फौजेने १८१६ मध्ये ओखामंडळ जिंकले आणि पुढल्या वर्षी, आनंदराव महाराजांच्या कारकिर्दीत, कंपनीने ते गायकवाडांच्या स्वाधीन केले. कंपनीला समुद्र निर्धोक हवा होता, गायकवाडांना तीर्थक्षेत्र हवे होते. जमीन कोणालाच हवी नव्हती. वाघेरांच्या वाट्याला मात्र तीच उरली. लूट बंद, यात्रेचे उत्पन्न सरकारजमा, आणि बदल्यात न पिकणारे शेत. १८२० मध्ये त्यांनी उठाव केला, तो कर्नल स्टॅनहोपने मोडला. १८५८-५९ मध्ये जोधा माणेक यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उठाव झाला; बेट आणि द्वारका दोन्ही ठाणी वाघेरांच्या हाती गेली. मुंबईहून समुद्रमार्गे फौज आणून १८५९ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी ती परत घेतली. मुळू माणेक पुढे १८६८ मध्ये मारले जाईपर्यंत झुंजत राहिले.

राज्याच्या कागदांच्या दृष्टीने हे सारे ‘बंडखोर’ आणि ‘लुटारू’. झवेरचंद मेघाणी यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस ‘सोरठी बहारवटिया’ लिहिले, त्यात मात्र हीच माणसे वीर म्हणून उभी आहेत आणि गुजराती घरांत ती तशीच राहिली. आमचे आडनाव ऐकून एका वृद्ध वाघेराने विचारले होते, “साहेब, तुम्ही गायकवाडी की काय?” आम्ही हसून नाही म्हटले. तेव्हा तो म्हणाला, “त्यांनी आम्हाला शाळा दिली. पण आधी तलवारी नेल्या.” या दोन वाक्यांत त्याने जो क्रम लावला, तो आमच्या मते ऐतिहासिक दृष्ट्या अचूक आहे.

शाळेचे श्रेय सयाजीरावांचे. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला; ओखामंडळ त्यातून सुटले नाही. तथापि या प्रदेशाचे दैव पालटले ते वेगळ्याच गोष्टीने. ज्या कोरडेपणामुळे बाजरी जळते, त्याच कोरडेपणात मीठ पिकते. कडक ऊन, सतत वाहणारा वारा, थोडका पाऊस आणि सपाट किनारा ही मिठागराची सारी भांडवली सामग्री तिथे निसर्गाने फुकट मांडून ठेवली होती. वहिवाटदार जे वैगुण्य म्हणून सरकारला कळवीत आले, ते रसायनशास्त्र जाणणाऱ्या कपिलराम वकिलांनी संपत्ती म्हणून ओळखले. त्यांनी १९२७ मध्ये मिठाचा कारखाना काढला. ओख्याचे बंदर त्याआधी एकच वर्ष, १९२६ मध्ये, खुले झाले होते. १९३९ मध्ये तेथेच टाटा केमिकल्स उभी राहिली आणि मिठापूर हे गाव वसले. ‘मीठा’चे पूर, गोडाशी त्याचा संबंध नाही, हे हिंदी वाचकाला मुद्दाम सांगावे लागते. सोड्याला लागणारे मीठ आणि चुनखडी दोन्ही जागेवर मिळत, अडत असे ते गोड्या पाण्यावाचून. मिठागरवाल्याला अवकाळी पाऊस हाच दुष्काळ, आणि शेजारच्या शेतकऱ्याला तोच दिलासा. एकाच गावात एकाच ढगाकडे माणसे अशी उलटसुलट डोळ्यांनी पाहताना आम्ही पाहिली आहेत.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ओखामंडळ नंतर जामनगर जिल्ह्यात गेले आणि २०१३ पासून देवभूमी द्वारका या नव्या जिल्ह्यात आहे. सौराष्ट्रात नर्मदेचे पाणी नळांनी पोहोचले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ओखा ते बेट हा सुमारे सव्वादोन किलोमीटरांचा सुदर्शन सेतूही झाला. पूर्वी बेटाला जायला होडीवाचून गती नसे.

त्या अंमलदारांनी घरी पाठवलेली पत्रे मात्र अजून आपल्याच माळ्यांवर पडून असतील. दरबारी दप्तर बडोद्यात आहे. त्यात वसूल, बंदोबस्त, नेमणुका सापडतील. डाळ शिजली नाही, मूल आजारी पडले, वाघेर शिपायाने पाणी आणून दिले, हे तिथे सापडणार नाही. ज्यांच्या घरी द्वारका, बेट किंवा ओखा येथून आलेले जुने मोडी कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाकडे एकदा दाखवावेत. मोडी वाचणारी माणसे आपल्यात अद्याप दोनतीन आहेत, आणि ती सारी आमच्याहून वडील आहेत.