गागोद्याची बाळंतिणीची खोली



शहरांतलें एखादें जुनें प्रसूतिगृह पाडलें, तरी त्या रस्त्यावरचे दुकानदार कित्येक वर्षें पत्ता सांगतात तो "बाळंतपणाच्या इस्पितळासमोर" असाच. पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक येथें अशी आठवण आहे ती इस्पितळाची नव्हे, घराची. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढचे विनोबा, या गांवीं जन्मले.

मुंबईस कामा इस्पितळ १८८६ पासून चालूं होतें. स्त्रियांसाठीं, स्त्री-डॉक्टरांच्या हातचें. परंतु तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील खेड्यांतल्या गर्भिणीला त्याचा काय उपयोग? तिच्या वांट्यास सुईण, अंधारी खोली, बाजेखालची शेगडी आणि ओवा-शेपांची धुरी. त्या खोलीचे गोडवे मला गाववत नाहींत. तेथून उठून बाहेर न आलेल्या बायका थोड्या नव्हत्या. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई सुखरूप उठल्या. पुढें बाळकोबा आणि शिवाजी हेही पुत्र त्यांना झाले. १९१८ सालीं त्या बडोद्यास निवर्तल्या.

विनोबांच्या बालपणींच्या आठवणींत आजोबा शंभुराव येतात, शंकराचें देऊळ येतें, आईनें आधीं शेजारींपाजारीं वांटावयास लावलेले फणसाचे गरे येतात. कोणाच्याही अशा आठवणींत सुइणीला सहसा जागा मिळत नाहीं. सुपांतले तांदूळ, नारळ आणि खण घेऊन ती आपल्या घरीं जाई.