तूर, काफ आणि गुहा : सूफी परंपरेतील पर्वताचे वाचन

सूफी वाङ्मयात पर्वत आला की त्याला 'निसर्गगूढवाद' ही संज्ञा लावून मोकळे होण्याची सवय समीक्षेला जडलेली आहे. या सवयीचे मूळ इस्लामी परंपरेत नसून अठराव्या शतकातील युरोपीय सौंदर्यविचारात आहे. बर्कने १७५७ मध्ये व कांटने १७९० मध्ये उदात्ताची जी मीमांसा केली, तिच्यामुळे उत्तुंग कडे आणि हिमशिखरे ही असीमाच्या प्रत्ययाची हक्काची स्थाने बनली. कांटच्या विवेचनात पर्वतासमोर कल्पनाशक्ती हतबल होते, पण त्या हतबलतेतूनच द्रष्ट्याला स्वतःच्या विवेकशक्तीची श्रेष्ठता उमगते. म्हणजे अखेरीस पर्वत लहान ठरतो आणि पाहणारा मोठा. हेच भिंग घेऊन अत्तार किंवा रूमी वाचला तर वाचन सुखद होते, यात शंका नाही. ते खरे होते काय, हा प्रश्न मात्र उरतो.

सूफींच्या पर्वतविषयक चिंतनाचा उगम एका दृश्यात आहे. कुराणाच्या सातव्या सूरेत मूसा तूर पर्वतावर ईश्वराला दर्शनाची याचना करतात. दर्शन नाकारले जाते. त्यांना पर्वताकडे पाहण्यास सांगितले जाते. तो आपल्या जागी टिकला तर दर्शन घडेल. ईश्वर पर्वतावर प्रकटतो, पर्वत भुईसपाट होतो आणि मूसा बेशुद्ध होऊन कोसळतात. सूफी परिभाषेत पुढे मध्यवर्ती ठरलेली 'तजल्ली' ही संज्ञा ज्या क्रियापदाशी निगडित आहे, ते ईश्वराच्या संदर्भात कुराणात याच ठिकाणी येते, आणि तेही पर्वताला उद्देशून. या दृश्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. येथे पर्वत ईश्वराचे प्रतीक नाही, त्याचे निवासस्थान तर नाहीच. तो साक्षात्काराचा भार न पेलणारा पदार्थ आहे. तेहेतिसाव्या सूरेत आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांनी जी अमानत स्वीकारण्यास नकार दिला ती माणसाने उचलली, असे म्हटले आहे. एकोणसाठाव्या सूरेत कुराण पर्वतावर उतरले असते तर तो भयाने दुभंगला असता, असे. या तीन स्थळांना एकत्र वाचणाऱ्या सूफी भाष्यकारांनी तूर म्हणजे साधकाचे 'मी'पण असा अर्थ लावला, तो आगंतुक नव्हे. जे फुटते ते अढळ वाटणारे असते, हाच त्या संहितेचा रोख आहे. कांटच्या पर्वतासमोर द्रष्टा सावरतो. तूरसमोर त्याची शुद्ध हरपते. दोहोंना एकाच 'उदात्त' या नावाखाली आणणे म्हणजे हा भेदच पुसून टाकणे होय.

बाराव्या शतकातील निशापूरच्या अत्तारने 'मन्तिक-उत-तैर' या मस्नवीत याच प्रश्नाला वेगळे वळण दिले. तीस पक्ष्यांची, सात दऱ्यांची आणि काफ पर्वतावरील सीमुर्गाची कथा सर्वपरिचित आहे. फारसीत 'सी मुर्ग' म्हणजे तीस पक्षी, आणि यात्रेअंती पक्ष्यांना स्वतःचेच दर्शन घडते, हा श्लेषही अनेकांनी सांगितला आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिला तो चकोर जातीचा डोंगरी पक्षी. फारसीत 'कब्क' म्हटला जाणारा हा पक्षी यात्रेला निघण्यास नकार देतो, आणि त्याची सबब पर्वत हीच आहे. तो डोंगरात राहतो, खडकांत रत्ने शोधतो, दगडावर निजतो. याहून उंच असे त्याला काय हवे? हुदहुद त्याला फटकारतो : रत्न म्हणजे रंग चढलेला दगड, रंग गेला की उरतो तो धोंडा. सुलेमानच्या अंगठीतील खड्याची कथा हुदहुदने येथेच सांगितली आहे. एकाच काव्यात अत्तारने असे दोन पर्वत उभे केले आहेत. एक डोळ्यांसमोरचा, सुंदर आणि अडवणारा. दुसरा न दिसणारा, ज्याच्याकडे निघावे लागते. पर्वताच्या सौंदर्यात रमणाऱ्या साधकाचे इतके नेमके आणि किंचित कुत्सित चित्र फारसी काव्यात क्वचित सापडेल. निसर्गगूढवादाचे पुरस्कर्ते अत्तारचा दाखला देतात तेव्हा त्यांना हा पक्षी आठवत नाही, हे आश्चर्यच.

काफविषयी सुहरावर्दीची भूमिका याहून तात्त्विक आहे. ११९१ मध्ये हलब येथे देहदंड झालेल्या या तत्त्वज्ञाच्या 'अक्ल-ए-सुर्ख' या रूपककथेत जगाला वेढणारा काफ अकरा पर्वतांचा आहे, आणि तेथून कोणत्याही दिशेने निघाले तरी माणूस मूळ स्थानी परत येतो. आंरी कॉर्बां याने अशा स्थळांसाठी ना केवळ भौगोलिक, ना केवळ काल्पनिक अशा मधल्या लोकाची कल्पना मांडली. ती उपयुक्त आहे, पण तिच्या प्रभावाने सूफी पर्वत एकदम हवेत तरंगू लागतो. रूमीचा काफ तसा नाही. मस्नवीच्या चौथ्या दफ्तरात जुलकरनैनला भेटणारा काफ सांगतो की प्रत्येक नगराखाली आपली एक शीर आहे, आणि ईश्वराच्या आज्ञेने ती हलली की तेथे भूकंप होतो. अदृश्य पर्वत येथे घरांच्या पायाशी येऊन पोहोचतो.

काश्मीरच्या ऋषी परंपरेत हा प्रश्न काव्यातून जगण्यात उतरला. चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकाळातील शेख नूरुद्दीन ऊर्फ नुंद ऋषी यांनी तरुण वयात गुहेचा आश्रय घेतला आणि तेथे दीर्घकाळ तप केले, असे चरित्रे एकमुखाने सांगतात. हिमालयाच्या कुशीत ईश्वर शोधण्याचे याहून ठळक उदाहरण कोणते? परंतु त्यांच्या नावावरील श्रुकांमध्ये या वनवासाबद्दल पश्चात्ताप व्यक्त झाला आहे : रानात आणि गुहेत तर माकडे आणि उंदीरही राहतात. या पदांच्या कर्तृत्वाविषयी काटेकोर राहणे आवश्यक आहे, कारण ती मौखिक परंपरेतून आली. तथापि परंपरेने आपल्या आद्य पुरुषाच्या मुखी हा पश्चात्ताप जपून ठेवला, ही वस्तुस्थिती कर्तृत्वाच्या वादाहून महत्त्वाची आहे. पुढच्या पिढ्यांनी गुहा सोडल्या असे नव्हे. ऐशमुकाम येथील झैनुद्दीन ऋषींची दर्गा आजही डोंगरातील गुहेशी बांधलेली आहे. पण अबुल फजल आणि जहांगीर या ऋषींविषयी लिहितात तेव्हा त्यांच्या नजरेत गुहा भरत नाही. त्यांना दिसते ते मांसाहाराचा त्याग केलेल्या सुमारे २००० माणसांचे, लोकांच्या उपयोगासाठी फळझाडे लावण्याचे व्रत. पर्वत पाहण्याची नव्हे, त्याच्या उतारावर काही रुजवण्याची ही रीत होती.

दख्खनमध्ये याची तुलना खुलदाबादशी करता येते. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानीचा दर्जा दिल्यानंतर निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुर्हानुद्दीन गरीब तेथे आले. १३३७ मध्ये त्यांचा अंत झाला आणि वेरूळच्या लेण्यांलगतच्या पठारावर त्यांची कबर बांधली गेली. लेणी कोरलेला तो डोंगर इतका जवळ असूनही हम्माद काशानीने संकलित केलेल्या 'अहसन-उल-अक्वाल' या त्यांच्या वचनसंग्रहाचा भर शिष्याने गुरूसमोर कसे वागावे, आलेल्याला कसे वाढावे, समाच्या बैठकीत कोणता संयम पाळावा, यांवर आहे. पठाराला पावित्र्य लाभले ते उंचीमुळे नव्हे, तेथे पुरल्या गेलेल्या माणसांमुळे. १७०७ मध्ये औरंगजेबाची साधी, उघडी कबरही तेथेच, झैनुद्दीन शिराझींच्या पायाशी आली.