कातडी कोट, सूट आणि धोतर

विमानाच्या महागड्या वर्गात काय घालावं, हा प्रश्न आज ऐटीचा वाटतो. १९१९ साली तो थंडीचा होता. लंडन-पॅरिस सेवा सुरू झाली तेव्हा काही विमानांत प्रवासी उघड्यावर बसत. त्यांना कातडी कोट, हेल्मेट, गॉगल चढवावे लागत. आम्ही एएन-३२ मधून लेहला जायचो तेव्हा अंगावर पार्का असायचा, तसंच काहीसं!

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. कॉन्स्टेलेशन विमान, आत हवेचा दाब राखलेला. जाड कोटाचं काम संपलं. मग कपडे उरले ते दुसऱ्यांच्या नजरेसाठी. सूट-टाय म्हणजे जणू गणवेशच.

निवृत्तीनंतर आप्पांना बिझनेस क्लासने लंडनला नेलं. धोतर, टोपी, वहाणा. दारातल्या मुलीने त्यांचा बोर्डिंग पास दोनदा तपासला. माझ्याकडे, म्हणजे ब्लेझरकडे, पाहून नुसतं हसली. मला राग आला. आप्पा शांत.

निम्म्या वाटेत माझे पाय सुजले, बूट आवळू लागले. शेजारी आप्पा वहाणा काढून, मांडी घालून गाढ झोपले होते.