पाठांतरापासून पाठ्यपुस्तकापर्यंत : चिनी वैद्यकातील ‘मूलतत्त्वां’च्या अध्ययनाचा इतिहास

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रारंभीच जो विषय शिकावा लागतो, त्याचे नाव ‘चिनी वैद्यकाची मूलतत्त्वे’ असे आहे. यिन-यांग, पाच ‘शिंग’, अंतर्गत अवयव, ची आणि रक्त, शरीरातील वाहिन्या, रोगाची कारणे असा त्याचा क्रम ठरलेला आहे. ही मांडणी इतकी स्वाभाविक वाटते, की तीही वैद्यकाइतकीच प्राचीन असावी असा समज होतो. वस्तुतः संकल्पना प्राचीन असल्या, तरी त्यांचा ‘मूलतत्त्वे’ नावाचा स्वतंत्र, क्रमबद्ध विषय ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे. जुने ज्ञान नव्या वाङ्मयप्रकारात आले, तेव्हा त्या ज्ञानाचेच स्वरूप बदलले काय, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकाइतकाच साहित्याच्या अभ्यासाचाही ठरतो.

या परंपरेचा आद्यग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत आकाराला येऊ लागलेल्या या संहितेचे ‘सूवेन’ आणि ‘लिंगशू’ असे दोन भाग असून प्रत्येकात ८१ अध्याय आहेत. तिचा बराचसा भाग पीत सम्राट आणि चीबो प्रभृती वैद्य यांच्या संवादांचा आहे. सम्राट विचारतो आणि वैद्य उत्तर देतो. चरकसंहितेतील आत्रेय-अग्निवेश यांचे नाते परिचित असणाऱ्या भारतीय वाचकाला ही रचना अनोळखी वाटणार नाही. मात्र ही संहिता एका हाताची नाही. वेगवेगळ्या काळांतील मते तिच्यात शेजारी शेजारी नांदतात आणि काही ठिकाणी परस्परांशी विसंगतही असतात. वांग बिंग याने इ. स. ७६२ मध्ये ‘सूवेन’ची पुनर्रचना करून तिच्यावर भाष्य लिहिले. पुढे सोंग राजवटीने १०५७ मध्ये वैद्यकग्रंथांच्या संशोधनासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले व लिन यी आदी विद्वानांनी तेथे पाठनिश्चिती केली. सिद्धान्त शिकणे म्हणजे मूळ पाठ, भाष्य आणि भाष्यावरील टिपणी यांच्यामधून स्वतःची वाट काढणे, असा अर्थ त्यातून रूढ झाला.

सामान्य शिष्याची वाट याहून सोपी होती आणि ती पद्यातून जात होती. ली शिझेन याने १५६४ मध्ये नाडीपरीक्षेवर पद्यमय पुस्तिका रचली. वांग आंग याच्या १६९४ मधील ‘थांगथौ गजुए’मध्ये औषधयोग सप्ताक्षरी ओळींत गुंफलेले आहेत. १७४२ मध्ये राजाज्ञेने सिद्ध झालेल्या ‘यीझोंग जिनज्यान’ या बृहद्ग्रंथातही शिकवणुकीचा मोठा भाग पद्यात आहे. छेन श्यूयुआन याने १८०४ मध्ये मुलांच्या ‘त्र्यक्षरी’ बालबोध पोथीच्या धर्तीवर वैद्यकाची त्र्यक्षरी पोथी लिहिली. शिष्य ही पद्ये प्रथम पाठ करी आणि मग गुरूच्या शेजारी बसून त्याने सांगितलेले औषधयोग उतरवून घेई. पाठ झालेल्या ओळीचा अर्थ पुष्कळदा रुग्ण समोर आल्यावरच उलगडे. अष्टांगहृदय मुखोद्गत करणाऱ्या आपल्याकडील वैद्यपरंपरेतही पाठांतर आधी आणि आकलन मागाहून असाच क्रम होता.

या क्रमाला पहिला मोठा धक्का बसला तो प्रजासत्ताकाच्या काळात. जपानमध्ये आधुनिक वैद्यक शिकून आलेल्या यू युनश्यू याने १९१७ मध्ये ‘नेइजिंग’वर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले. ग्रंथात वर्णिलेले अवयव शवविच्छेदनात आढळणाऱ्या अवयवांशी जुळत नाहीत, हा त्याचा एक प्रमुख आक्षेप होता. त्याला १९२२ मध्ये उत्तर दिले ते युन थ्येच्याओ याने. हा गृहस्थ मुळात साहित्याचा. तो ‘श्याओश्वो युएबाओ’ या कथामासिकाचा संपादक होता आणि १९१३ मध्ये लू शुन याची पहिली कथा त्यानेच प्रसिद्ध केली होती. पुढे मुलांच्या मृत्यूने हादरून तो वैद्यकाकडे वळला. ‘नेइजिंग’मधील पाच अवयव हे मांसाचे अवयव नसून ऋतुचक्राचे अवयव आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. ग्रंथाची भाषा शारीररचनेच्या वर्णनाची नसून काल आणि संबंध यांची आहे, असे म्हणणारे हे उत्तर वाचनाच्या रीतीविषयीचे होते. ज्याची कथा त्याने छापली, त्या लू शुनने मात्र वडिलांच्या आजारपणातील अनुभवानंतर जुन्या वैद्यांविषयी आयुष्यभर कडवट लेखन केले.

१९२९ च्या फेब्रुवारीत यू युनश्यूने जुने वैद्यक संपुष्टात आणण्याचा प्रस्ताव शासकीय आरोग्य समितीपुढे मांडला. १७ मार्च रोजी देशभरातील वैद्यांचे प्रतिनिधी शांघाय येथे एकत्र आले आणि प्रस्तावाची अंमलबजावणी झाली नाही. तथापि या संघर्षाने एक गोष्ट स्पष्ट केली. टिकायचे असेल तर शाळा, अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके हवीत.

ती गरज पूर्ण झाली १९४९ नंतरच्या राजवटीत. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ आणि छंगदू येथे चार महाविद्यालये स्थापन झाली. वर्गभर विद्यार्थ्यांना एकाच वेळी शिकवायचे, तर विखुरलेल्या वचनांची संगती लावणे अपरिहार्य होते. १९५८ मध्ये नानजिंग येथील संस्थेने सिद्ध केलेल्या ‘झोंगयीशुए गायलुन’ या पुस्तकाने समग्र वैद्यकाची अशी रूपरेषा दिली.

या स्थित्यंतरात भाषेचे काय झाले, हे एका उदाहरणावरून दिसते. ‘सूवेन’च्या आठव्या अध्यायात शरीराची कल्पना राज्यव्यवस्थेच्या रूपात केलेली आहे. हृदय राजा, फुप्फुस मंत्री, यकृत सेनापती, तर प्लीहा आणि जठर कोठारांचे अधिकारी. पाठ्यपुस्तकात या रूपकाच्या जागी प्रत्येक अवयवाची ‘कार्ये’ क्रमांकानुसार येतात. राजा आणि सेनापती यांच्यातील अधिकाराचे नाते मागे पडते आणि अवयवाची व्याख्या उरते. व्याख्या परीक्षेत लिहिता येते. पण तिच्यात सम्राटाच्या प्रश्नाला जागा नसते.

ही उणीव प्रथम जाणवली ती शिक्षकांनाच. १९६२ मध्ये, बीजिंगच्या महाविद्यालयातील पहिली तुकडी बाहेर पडण्याच्या सुमारास, छिन बोवेइ, रन यिंगछ्यू यांच्यासह पाच ज्येष्ठ अध्यापकांनी आरोग्य मंत्रालयाला निवेदन दिले. विद्यार्थ्यांचे अभिजात चिनीचे ज्ञान अपुरे आहे, त्यांना मूळ ग्रंथ नीट वाचता येत नाहीत, म्हणून वाचन व पाठांतराला अधिक वेळ द्यावा, असा त्याचा आशय होता. लक्षणीय बाब अशी, की नव्या मांडणीचा कणा ठरलेली ‘लक्षणसमूह ओळखून चिकित्सा’ ही संकल्पना घडवणाऱ्यांत छिन आणि रन यांचाही वाटा होता. नवा प्रकार घडवणाऱ्यांनीच त्याची मर्यादा ओळखली होती. तरीही प्रवाह पाठ्यपुस्तकाकडेच राहिला आणि १९८४ मध्ये यिन ह्वेइह याच्या संपादनाखाली ‘मूलतत्त्वे’ या नावाचे बहुप्रचलित पुस्तक निघाले.

चीनबाहेरील वाचकापर्यंत हे वैद्यक मुख्यतः याच पाठ्यपुस्तकी रूपात पोहोचले आणि त्यात अनुवादाची भर पडली. ‘वूशिंग’चे रूपांतर सर्रास ‘पाच मूलद्रव्ये’ असे केले जाते. भारतीय वाचकाला साहजिकच पंचमहाभूते आठवतात. परंतु काष्ठ, अग्नी, मृत्तिका, धातू आणि जल या पंचकात वायूही नाही आणि आकाशही नाही. ‘शिंग’ या शब्दात चालण्याचा, गतीचा अर्थ आहे. एकाने दुसऱ्याला जन्म देणे आणि एकाने दुसऱ्याला आवरणे, हे त्यांचे व्यवहार महत्त्वाचे आहेत; पदार्थ कशाचा बनला आहे, हा तेथील मुख्य प्रश्न नव्हे.

पाठ्यपुस्तकाने परंपरेचा घात केला, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. १९२९ च्या प्रसंगानंतर हे ज्ञान केवळ गुरुगृही राहिले असते, तर त्याला विद्यापीठीय स्थान मिळणे कठीण होते. पाठ्यपुस्तकाने त्याला ते स्थान दिले आणि त्याची किंमतही वसूल केली. पूर्वीचा शिष्य अर्थ न कळता ओळ पाठ करी आणि आयुष्यभर तिचा अर्थ शोधत राही. आजच्या विद्यार्थ्याला अर्थ पहिल्याच वर्षी मिळतो, ओळ मात्र अनेकदा अखेरपर्यंत भेटत नाही. १९६२ च्या निवेदनातील मागणी त्या ओळीसाठी होती.