गुरखा मुक्कामाला कसा आला?

शाळेच्या संगणक-कक्षात एखादा चौकस विद्यार्थी टास्क मॅनेजर उघडतो आणि विचारतो, ‘‘सर, अँटिव्हायरस तर एकच बसवलाय. मग यादीत त्याच्या चार-पाच प्रक्रिया कशा?’’ संगणक मंद चालत असेल तर प्रश्नाला तक्रारीची धारही असते. उत्तरासाठी १९८०च्या दशकात जावे लागते.

तेव्हाच्या डॉस या कार्यप्रणालीत साधारणपणे एका वेळी एकच आज्ञावली चाले. विषाणू शोधणारी आज्ञावलीही तशीच. तिने तबकडीवरील फाइली तपासायच्या आणि काम संपताच स्मृतीतून निघून जायचे. रात्री शिट्टी वाजवत एक फेरी मारून जाणाऱ्या गुरख्यासारखे. ती गेल्यावर पाच मिनिटांनी कोणी मित्राची फ्लॉपी घातली, तर तिला पत्ताही लागत नसे.

विषाणू मात्र मुक्कामाला येत. १९८६ साली लाहोरच्या बासित व अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ संगणक सुरू होतानाच स्मृतीत ठाण मांडी आणि पुढे घातलेल्या फ्लॉपींना लागे. १९८९च्या सुमारास बल्गेरियातील ‘डार्क अ‍ॅव्हेंजर’ हे टोपणनाव घेणाऱ्याच्या विषाणूने तर कडी केली. आज्ञावली चालवण्याचीही गरज नाही, तिची फाइल नुसती उघडली तरी लागण! आता पाहा: हा विषाणू स्मृतीत असताना तपासणी सुरू केली, तर तपासनीस एकेक फाइल उघडणार आणि तीच फाइल त्या क्षणी बाधित होणार. डॉक्टरच साथ घेऊन घरोघर फिरावा, तसा प्रकार.

तेव्हा आधी स्मृती तपासणे आणि मग स्वतःही तिथेच राहून पहारा करणे भाग पडले. काम संपल्यावरही स्मृतीत राहण्याची सोय डॉसमध्ये होतीच. १९९३ साली एमएस-डॉस ६ सोबत आलेला ‘व्हीसेफ’ असाच मुक्कामी पहारेकरी होता. पण जागा होती अवघी ६४० किलोबाइट! पहारेकऱ्याने पथारी पसरली की मोठ्या आज्ञावलीला अंग आखडावे लागे. म्हणजे मंदपणाची तक्रारही तेव्हापासूनची.

विंडोजमध्ये अनेक प्रक्रिया एकत्र चालू लागल्या आणि कामे वाटता आली: फाइल उघडताच तपासणारी एक, नव्या विषाणूंची माहिती आणणारी दुसरी. काही वाटणी सक्तीचीही आहे. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून पडद्यामागच्या सेवा वापरणाऱ्याच्या सत्रापासून वेगळ्या केल्या गेल्या. पहारा करणारी सेवा स्वतः पडद्यावर खिडकी दाखवू शकत नाही. सूचना द्यायला वेगळी प्रक्रिया हवीच.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते शेवटचे कारण. तपासनिसाला संगणकावर जवळजवळ सर्वाधिकार असतात आणि संशयास्पद फाइली वाचणे हेच त्याचे काम. मे २०१७मध्ये गूगलच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या तपासणी-यंत्रणेत एक दोष दाखवला: मुद्दाम रचलेली फाइल नुसती तपासली गेली, तरी संगणकाचा ताबा हल्लेखोराकडे जाऊ शकत होता. १९८९चाच पेच, नव्या वेषात! तो दोष लगेच दुरुस्त झाला. पुढे २०१८मध्ये विंडोज डिफेंडरमध्ये वेगळी सोय आली. फाइलीचा मजकूर उलगडण्याचे धोक्याचे काम फारच थोडे अधिकार असलेल्या एका स्वतंत्र प्रक्रियेकडे दिले गेले. ती फसली, तरी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हाती नसतो.