तुपाची शाई : ग्रंथाच्या स्थित्यंतरातील विरोधाचे स्वरूप

ज्ञानाचे साधन पालटू लागले म्हणजे समाजाचा विरोध प्रथम त्या साधनाच्या द्रव्यावर केंद्रित होतो. मराठी मुद्रणाच्या प्रारंभकाळातील एक उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केले. छापण्याच्या शाईत चरबी असते या समजुतीने सोवळे पाळणारी मंडळी त्या काळी छापील कागदास शिवत नसत. म्हणून गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई सिद्ध केली. गोविंद नारायण माडगांवकर यांनी ‘मुंबईचें वर्णन’ (1863) या ग्रंथात ही हकीकत नमूद केली आहे. पुढे धर्मग्रंथही सुट्या, आडव्या पानांच्या पोथीरूपात छापले जाऊ लागले. नव्या तंत्राने जुन्या रूपाचा आश्रय घेतला आणि विरोध हळूहळू मावळला.

परंतु मुद्रणाने घडविलेला खरा पालट या वादाच्या कक्षेत कधी आलाच नाही. हस्तलिखिताच्या प्रतीगणिक पाठभेद संभवत असे. छापील आवृत्तीने एकच पाठ असंख्य हातांत पोचविला व त्यास प्रामाण्य दिले. छापील ग्रंथांत बालबोध लिपी रूढ झाली आणि मोडी मुख्यतः दप्तरापुरती व पत्रव्यवहारापुरती उरली. नकला करून निर्वाह करणाऱ्यांची विद्याही ओसरली.

ई-पुस्तकाच्या इतिहासात याच क्रमाची पुनरावृत्ती आढळते. 1971 साली अमेरिकेत मायकेल हार्ट यांनी संगणकावर ग्रंथसंग्रहाचा उपक्रम आरंभिला. 2007 मध्ये ‘किंडल’ हे वाचनयंत्र विक्रीस आले. कागदाचा गंध, स्पर्श आणि डोळ्यांना होणारा शीण हे आक्षेपकांचे मुख्य मुद्दे होत. त्यांच्या समाधानार्थ यंत्रानेही कागदासारखा दिसणारा पडदा व पान उलटल्याचा आभास निर्माण केला. ‘पर्ण’ या शब्दापासून आलेला ‘पान’ हा शब्द ताडपत्र, पोथी व पुस्तक यांमागून आता पडद्यावरही नांदत आहे.

खरा प्रश्न मात्र 2009 साली प्रकट झाला. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीच्या विकल्या गेलेल्या काही प्रती, विक्रेत्यास हक्क नसल्याचे आढळताच, अ‍ॅमेझॉन कंपनीने वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. मूल्य परत मिळाले, ग्रंथ गेला. छापील प्रत विकत घेणारा तिचा स्वामी होतो. बहुतेक ई-पुस्तकांच्या व्यवहारात ग्राहकास केवळ वाचनाचा परवाना लाभतो. ती प्रत उसनी देणे, वारसास सोपविणे, ग्रंथालयाने पिढ्यान्‌पिढ्या जपणे या गोष्टी त्या परवान्याच्या अटींवर अवलंबून राहतात.

तात्पर्य, स्थित्यंतरास होणारा विरोध सर्वथा निष्कारण नसतो. हानीची जाणीव त्याच्या मुळाशी असते, परंतु तिचे स्थान ओळखण्यात चूक होते. शाईतील चरबीवर तूप हा उपाय सापडला. ग्रंथाच्या स्वामित्वावर तसा सुलभ उपाय नाही, आणि म्हणूनच अभ्यासकांनी कागदाच्या गंधापेक्षा या प्रश्नाकडे प्रथम लक्ष देणे इष्ट होय.