कोरा नकाशा, नामनिर्देशित आकृती आणि पडद्यावरचा प्रश्न

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांच्या प्रश्नपत्रिकांत दोन प्रश्न पिढ्यानपिढ्या टिकून राहिले आहेत. भूगोलात भारताच्या नकाशा आराखड्यात दिलेली ठिकाणे दाखवून सूची द्यायची असते आणि विज्ञानात फुलाची, पेशीची किंवा हृदयाची सुबक नामनिर्देशित आकृती काढायची असते. नामनिर्देशित आकृती म्हणजे जिच्या प्रत्येक भागापासून रेघ ओढून त्या भागाचे नाव लिहिले आहे अशी आकृती. ऑनलाइन प्रश्नमंजूषेत चित्र पडद्यावर येते, नावांच्या पट्ट्या बाजूला दिसतात आणि विद्यार्थी त्या पट्ट्या बोटाने किंवा माउसने ओढून योग्य जागी सोडतो. हा प्रश्न या दोन जुन्या प्रश्नांचाच वारस आहे. चित्र कोणी द्यायचे, नाव कोणी आठवायचे आणि दोहोंची सांगड कोणी घालायची, या तीन कामांची वाटणी मात्र प्रत्येक काळात निराळी झाली. नव्या पद्धतीचे गुणदोष याच वाटणीत शोधावे लागतात.

चित्राच्या भागांवर खुणेची अक्षरे किंवा आकडे घालून त्यांचा उलगडा मजकुरात करण्याची रीत युरोपातील मुद्रणात लवकर रुळली. आंद्रेयास व्हेसालियसच्या १५४३ मधील शरीररचनेच्या ग्रंथात स्नायूंवर व हाडांवर बारीक अक्षरे आहेत आणि त्यांची नावे स्वतंत्र सूचीत दिली आहेत. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याने ही रीत मुलांसाठी वापरली. न्युरेंबर्ग येथे १६५८ मध्ये छापलेल्या त्याच्या चित्रमय पाठ्यपुस्तकात चित्रातील वस्तूंवर आकडे आहेत, आणि तेच आकडे लॅटिन व जर्मन वाक्यांतील शब्दांपाशीही आहेत, त्यामुळे मुलाची नजर चित्र आणि शब्द यांच्यात सतत ये-जा करते. सूची झाकली की पाठाचा प्रश्न होतो. पुढच्या सर्व पद्धतींचे बीज एवढ्या साध्या गोष्टीत आहे.

मराठी जगात युरोपीय भूगोल व शरीररचना यांच्याकडे पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न तंजावरच्या दरबारात झाला. सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी देवनागरी छापखाना उभारला, वैद्यकाचे सचित्र ग्रंथ जमवले आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यरचनेत जगाचा भूगोल गेय रूपात आणला. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात टिकून आहेत. मात्र चित्रावर मराठी नाव लिहिण्याची शालेय सवय लागली ती मुंबई इलाख्यात, आणि तिला शिळाछापाने मोठा हातभार लावला. शिळाछापात दगडावर तेलकट शाईने लिहिलेले वा रेखाटलेले कागदावर उतरते. खिळ्यांच्या छपाईत चित्राचा ठोकळा वेगळा आणि अक्षरे वेगळी असतात, म्हणून चित्रावर आकडे घालून नावे खाली देणे सोयीचे पडे, तर शिळेवर नकाशाकाराचा हातच नदीच्या काठाने वळत तिचे नाव लिहू शकत असे.

त्याच काळात मराठी मुलखात आकडा, चित्र आणि सूची यांची एक विराट व्यवस्था उभी राहत होती, ती म्हणजे जमीन मोजणीची. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३०च्या दशकात सुरू केलेली मोजणीची पद्धत पुढे इलाखाभर पसरली. तिच्यातून प्रत्येक गावाला नकाशा मिळाला आणि नकाशातील प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला. नकाशावर फक्त आकडा असतो. जमीन कोणाची, पीक कोणते, आकार किती, हे दप्तरातील नमुन्यांत, म्हणजे पुढे ज्यांना सात-बारा म्हटले जाऊ लागले त्या उताऱ्यांत, पाहावे लागते. कोमेनियसच्या चित्रातला आकडा आणि गावनकाशातला सर्व्हे नंबर यांचे काम एकच आहे. शाळेत न गेलेला शेतकरीही हा नकाशा वाचायला शिकला, कारण त्यातील चूक त्याला स्वतःच्या बांधावर भोगावी लागत होती.

पनवेल तालुक्यातील रोडपालीच्या वाट्याला या नकाशाचे एक पूर्ण स्थित्यंतर आले. तळोजे व कळंबोली यांच्यामधले, कासाडी नदी आणि खाडीच्या सखल जमिनीजवळचे हे गाव भातशेतीच्या पट्ट्यात होते. १७ मार्च १९७० रोजी सिडको हे शहर विकासाचे महामंडळ स्थापन झाले, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले आणि रोडपालीचा परिसर कळंबोली वसाहतीत सामावला गेला. शेतांच्या सर्व्हे नंबरांच्या जागी सेक्टर आणि भूखंड क्रमांक आले. एकाच भूभागावर नव्या नावांचा थर चढला, जुन्या थरातले गावठाण तेवढे मध्ये उरले. शेजारी लोखंड-पोलाद बाजार व तळोजे औद्योगिक क्षेत्र वाढले, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची सुरुवात कळंबोलीपाशी झाली, आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाल्यावर प्रशासकीय नकाशावरची रेघही बदलली. एका माणसाच्या हयातीत ज्या जागेची नावे एवढ्या वेळा बदलली, तिथल्या मुलांना नकाशावर नावे लावण्याचा प्रश्न निव्वळ गुणांचा वाटू नये, अशी अपेक्षा बाळगायला जागा आहे.

परीक्षेतील प्रश्नाचा इतिहास याला समांतर चालतो. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि तिच्या जागी आलेली शालान्त परीक्षा १९४९ पासून सुरू झाली. राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी, तर पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजेच बालभारती २७ जानेवारी १९६७ रोजी अस्तित्वात आली. त्यानंतर एका पाठ्यपुस्तकातील एकच आकृती राज्यभर प्रमाण ठरली. पेशीपटल, केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका हे शब्द गडचिरोलीपासून रायगडपर्यंत एकाच रेघेच्या टोकाला लिहिले जाऊ लागले. वहीविक्रेत्याकडे कोरे नकाशे सुटे मिळत, प्लास्टिकच्या साच्यातून भारताची बाह्यरेषा काढता येई, आणि आकृती पेन्सिलनेच काढायची हा दंडक शिक्षक कसोशीने पाळायला लावत. इथे विद्यार्थ्याकडे बरेच काम होते. आकृतीच्या प्रश्नात चित्र त्याचेच, नावही त्याच्याच स्मरणातले आणि रेघही त्याचीच असे. नकाशाच्या प्रश्नात चित्र परीक्षक देई, पण जागा आणि खूण विद्यार्थ्यालाच ठरवावी लागे. त्याबरोबर एक अन्यायही होता, कारण ज्याचा हात चित्रकलेत चालत नसे, त्याला विषय कळला असूनही आकृती अवघड जाई.

मराठी विश्वकोशाने, ज्याचे खंड वाईहून १९७६ पासून निघू लागले, आकृत्यांसाठी पुन्हा आकड्यांची रीत स्वीकारली: भागांवर क्रमांक आणि खाली त्याच क्रमाने नावे. आकृती नावांनी गजबजत नाही, आणि एखादी संज्ञा बदलली तर चित्राला हात न लावता फक्त खालचा मजकूर बदलता येतो. संगणकावरच्या प्रश्नाला पुढे नेमका हाच गुण हवा होता.

संगणकाने चित्रातील जागा आकड्यांत मांडली. चित्राच्या डाव्या व वरच्या कडेपासूनचे अंतर सांगितले की बिंदू ठरतो आणि असे काही बिंदू जोडले की क्षेत्र ठरते. १९९०च्या दशकात वेबपानांवरील चित्राच्या ठरावीक भागावर टिचकी मारण्याची सोय याच तत्त्वावर आली. त्यानंतर ओढून-सोडण्याचे खेळकर प्रश्न मुख्यतः फ्लॅश या तंत्रावर बनले. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार बंद झाला, तेव्हा जगभर शिक्षकांनी वर्षानुवर्षे केलेले असंख्य धडे एकाएकी उघडेनासे झाले. शिळाछापाची पुस्तके पिवळी पडूनही वाचता येतात, हे लक्षात घेतले तर ही हानी लहान मानता येत नाही. टिकाऊ मार्ग खुल्या साधनांनी दाखवला. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुजियामास यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली मूडल ही अध्यापन-प्रणाली आणि नॉर्वेतून आलेले एचफाइव्हपी ही साधने कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

मूडलमध्ये चित्रावर नावे लावण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील फरक शिक्षणाच्या दृष्टीने कळीचा आहे. पहिल्या प्रकारात चित्रावर रिकाम्या चौकटी आधीच दिसतात आणि विद्यार्थी त्यांत पट्ट्या भरतो. दुसऱ्या प्रकारात चौकटी दिसत नाहीत; नावासोबत एक खूण मिळते आणि ती चित्रावर नेमकी कुठे रोवायची हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते, तर बरोबर ठरणारे क्षेत्र प्रश्नकर्त्याने आधीच, पण अदृश्यपणे, आखलेले असते. पहिल्या प्रकारात सहा चौकटी आणि सहाच पट्ट्या असतील, तर पाच जागा ओळखल्या की सहावी आपोआप मिळते. म्हणून चौकटींपेक्षा दोन-तीन पट्ट्या जास्त, आणि त्याही मुलांच्या नेहमीच्या गोंधळातून निवडलेल्या, देणे आवश्यक ठरते. पुंकेसराच्या आकृतीत कुक्षी हा शब्द जादा दिला तर प्रश्न काही विचारतो. खोड हा शब्द दिला तर काहीच विचारत नाही. दुसरा प्रकार कोऱ्या नकाशाच्या खऱ्या वंशातला आहे, आणि नकाशासाठी तोच श्रेष्ठ मानायला हवा. त्यात क्षेत्र किती मोठे आखायचे हा निवाडा मात्र प्रश्नकर्त्यावर येतो. नदीसाठी तिच्या प्रवाहालगतचा लांब पट्टा हवा, शहरासाठी लहान वर्तुळ हवे, आणि मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बोट किती नेमके टेकेल याचाही हिशेब हवा. विद्यार्थ्याच्या हातातून निसटलेले श्रम असे प्रश्नकर्त्याच्या हातात गेले आहेत.

मराठीत ओढून-सोडण्याचा हा प्रश्नप्रकार वापरण्याला आणखी एक कारण आहे. नाव टंकून लिहायला लावले तर यंत्र अक्षरशः तुलना करते, आणि ह्रस्व-दीर्घाची एक चूकही पूर्ण उत्तर चुकीचे ठरवते. ‘ऱ्या’सारखे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकापेक्षा अधिक प्रकारे साठवले जाऊ शकते, त्यामुळे डोळ्यांना सारखेच दिसणारे दोन शब्द यंत्राला वेगळे वाटतात. तयार पट्टी ओढण्यात ही अडचण उरत नाही. उलट अडचण जुन्या आकृत्यांची आहे. मराठी मुद्रणात दीर्घकाळ युनिकोडपूर्व फाँट वापरले गेले, आणि आकृत्यांवरची नावे चित्रातच मिसळून गेली, म्हणून ती ना शोधता येतात ना वेगळी काढता येतात. शिक्षकाला ती नावे रंगाने पुसावी लागतात आणि त्याबरोबर आकृतीच्या रेघाही पुसट होतात.

मार्च २०२० नंतर कोविडच्या साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा ही अडचण घराघरांत पोचली. दीक्षा हे केंद्र सरकारचे व्यासपीठ २०१७ पासून होते, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोडही आले होते, आणि त्या कोडच्या शालेय वापरासाठी ओळखले जाणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्येच जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तरीही घाईने बनवलेल्या ऑनलाइन चाचण्यांत बहुपर्यायी प्रश्नांचाच सुळसुळाट झाला, आणि आकृती व नकाशा मागे पडले. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी चित्राचे शब्दांत वर्णन देण्याचे भानही क्वचितच राहिले.

रोडपालीतील एखाद्या शिक्षकाला आज परिसराचा नकाशा-प्रश्न करायचा झाला, तर साधने विनामूल्य हाताशी आहेत. कासाडी नदी, तळोजे, कळंबोली, द्रुतगती मार्ग, पनवेलची खाडी आणि गावठाण एवढी नावे घेऊनही उत्तम प्रश्न होतो, आणि मूळ गावनकाशाचा थर खाली ठेवला तर इतिहासाचा प्रश्नही त्यातूनच निघतो. उणीव आहे ती नावांविना असलेल्या स्वच्छ चित्रांची. पाठ्यपुस्तक मंडळाने प्रत्येक इयत्तेच्या आकृत्या व नकाशे नावांशिवाय, आणि नावांची यादी युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे, सर्वांसाठी खुली करावी. चित्रे आणि शब्द दोन्ही मंडळाकडे आहेत, ते वेगळे करून देण्याचे काम तेवढे बाकी आहे.